आश्विनातला सह्याद्री आणि कॅमेरा

दसऱ्याच्या आगेमागे सह्याद्री पाहायचा असेल तर अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याचा अकोले तालुका गाठावा. कासच्या पठाराचे नाव आता सर्वांच्या तोंडी आहे. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात कासही आहे. तेथे जरूर जावे. पण फुले, कडे, जलाशय आणि त्यांच्या जोडीला पिकत आलेली भातखाचरे हे सगळे एकत्र पाहावे ते अकोल्याच्या पश्चिम पट्ट्यातच, असे माझे मत आहे. कृषी खात्यातल्या नोकरीत या भागात फिरती झाली आणि फिरतीबरोबर डोंगरांची छायाचित्रे काढण्याचा छंद जडला. तेव्हा या मतात थोडी आपुलकी मिसळलेली असणार, हे वाचकांनी समजून घ्यावे.

परदेशी कॅलेंडरांवर शरदाचे चित्र म्हटले की लालभडक पानांचे रान असते. तिकडे दिवस लहान होतो, थंडी पडू लागते, पानातले हरितद्रव्य मोडते आणि झाकलेले रंग वर येतात. आपल्याकडे तसे होत नाही. आपले पानझडीचे रान पान टाकते ते थंडीच्या धाकाने नव्हे, तर पाणी आटू लागते म्हणून. आणि तेही बहुतेक माघ-फाल्गुनात. लाल रंगच हवा असेल तर त्या सुमारास कुसुंबाचे झाड शोधावे. मात्र ते लाल पान गळणारे नसते, नुकते फुटलेले कोवळे पान असते. आपला शरद पिवळा आणि हिरवा. भाद्रपद-आश्विनात रतनगडाच्या माथ्यावर सोनकी अशी फुलते की पाय कोठे ठेवावा हा प्रश्न पडतो. जोडीला गुलाबी तेरडा आणि पिवळा कवला. खाली उतारावर खुरासणीची शेते, तीही पिवळीच. शहरातून आलेली मंडळी दोन्हींना रानफुलेच समजतात. सोनकी रानची आणि खुरासणी पेरलेली, पण दोन्हीही सूर्यफुलाच्या कुळातल्या, त्यामुळे चेहरेपट्टी जुळते. कोकणात जिला कारळा म्हणतात ती हीच. तिच्या फुलोऱ्यात सकाळी मधमाश्यांचा गुणगुणाट ऐकावा. माश्या आल्या नाहीत तर बी भरत नाही, म्हणून फुलोऱ्यात औषध फवारू नका, हे सांगायला मी तेथे कॅमेरा गळ्यात असतानाही विसरत नाही.

नाशिककडून येणाऱ्याला घोटीवरून बारी गाव लागते. तेथून कळसूबाईची वाट चढते. १,६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५,४०० फूट. महाराष्ट्रात याहून उंच शिखर नाही. पुण्याकडून संगमनेर, अकोले, राजूर करीत शेंडीला यावे. शेंडीला प्रवरेवरचे भंडारदरा धरण आहे. १९१० साली त्याचे काम सुरू झाले आणि १९२६ साली पुरे झाले. या पाण्यावर खाली ऊस पिकतो, पण ते पाणी जेथे पडते आणि साठते तो हा डोंगराळ मुलूख. जलाशयाच्या पलीकडच्या टोकाला रतनवाडी. तेथे अमृतेश्वराचे प्राचीन दगडी देऊळ व शेजारी पुष्करणी आहे. देवळाच्या मागे रतनगड, त्याच्या माथ्यावर खडकाला आरपार भोक. त्याला नेढे म्हणतात. नेढ्यात बसले की वारा कानात शिट्टी घालतो आणि समोर अलंग, मदन, कुलंग हे तिघे दिसतात.

छायाचित्राचे म्हणाल तर निम्मे काम पाऊसच करून ठेवतो. चार महिने हवा धुतलेली असते, धूळ बसलेली असते, त्यामुळे दूरची रांगही घडी मोडलेल्या कापडासारखी उठून दिसते. मात्र उजेड कोवळा हवा. या दिवसांत साडेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो. पुढचा दीड तास खरा. ऊन तिरपे पडते, प्रत्येक घळीत सावली उतरते आणि डोंगराला खोली येते. बारा वाजता तोच डोंगर भिंतीसारखा सपाट दिसतो. त्या वेळी भाकर खावी व झोप काढावी.

मी फिल्मच्या कॅमेऱ्याने सुरुवात केली. एका रोलमध्ये ३६ चित्रे. रोल आणि धुलाई दोन्ही खिशाला लागत, म्हणून बटण दाबण्यापूर्वी माणूस दहा वेळा पाहत असे. आज घरोघर मोबाईल आहे आणि तोही चांगले काम देतो. फक्त भिंग कोरड्या सुती फडक्याने पुसावे. पडद्यावर उजळ आभाळाला बोट लावून मग टिपावे, म्हणजे ढग पांढरे फट्ट पडत नाहीत. बोटांनी ताणून दूरचा कडा जवळ आणू नये, चित्र फुटते. त्यापेक्षा जवळचे एखादे झाड किंवा बांध पुढे घ्यावा. डोंगर किती मोठा हे त्यामुळेच कळते.

आता ढगांविषयी. निरभ्र आभाळाचे चित्र मिळमिळीत होते. काळा ढग, त्याखाली पिवळी खाचरे आणि मधूनच एक उन्हाची तिरीप, असा योग साधला की छंदी माणूस हरखतो. घाटघरच्या वाटेवर मी असाच तिपाई रोवून उभा होतो. बांधावर एक आजोबा विळा घेऊन बसले होते. म्हणाले, "साहेब, तुमाला ढग पायजे, आमाला ऊन पायजे. आता देवानं कुनाचं ऐकावं?" त्यांचे हळवे भात कापून खाचरात पसरले होते. परतीचा पाऊस त्यावर पडला तर दाणा काळा पडतो, ओंबीतच मोड येतो, पेंढाही गुरे खात नाहीत. मी तिपाई मिटली आणि आम्ही दोघांनी, त्यांच्या सुनेला हाताशी घेऊन, जमेल तेवढ्या पेंढ्या बांधून खोपीत नेल्या. शेवटच्या फेरीला पाऊस आलाच. त्या दिवसाचे चित्र माझ्यापाशी नाही. भात मात्र बरेचसे वाचले.

काळभात, जिरवेल अशी जुनी वाणे या मुलखात अजून टिकून आहेत. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणे जपण्याच्या कामासाठी २०२० सालचा पद्मश्री सन्मान मिळाला. तेव्हा खाचरात शिरून पाठमोरे चित्र काढणाऱ्या पाहुण्यांना मी स्पष्ट सांगतो: बांधावरून चाला. पायाखाली तुडवलेली लोंबी हे कुणाचे तरी बियाणे असते.

या छंदाचा एक उपयोग मात्र माझ्याही ध्यानीमनी नव्हता. एका वाडीसमोरच्या उताराचे चित्र मी दरवर्षी आश्विनात एकाच जागेवरून घेतो. रस्त्याच्या मोरीचा कठडा ही माझी खूण. वर नागली-वरईची शेते, खाली भात. रोज पाहणाऱ्याला उतार होता तसाच दिसे. पण पाच वर्षांची चित्रे ओळीने मांडली तेव्हा मधली ओघळ बोटाएवढ्या रेघेची मनगटाएवढी झालेली स्पष्ट दिसली. ती मांडणी मी ग्रामसभेत दाखवली. एरवी मृद्संधारण हा शब्द काढला की लोक जांभया देतात. त्या दिवशी एक बाई उठून म्हणाली, "ही तर आमच्याच शेताची माती चाललीय की!" नंतर माथ्याकडून पायथ्याकडे, अशा क्रमाने ओघळीत अनघड दगडांचे बांध पडले. दोन पावसाळ्यांनंतरच्या चित्रात बांधांमागे गाळ साचून त्यावर गवत आलेले दिसते. माझ्या संग्रहातले ते सर्वांत बेरंगी चित्र असेल. वाडीच्या शाळेत मात्र तेच लावले आहे.

धाडसी वाचकांनी पाचनईमार्गे हरिश्चंद्रगडही करावा. तेथल्या कोकणकड्यावर, सूर्य पाठीशी आणि समोर दरीत धुके असे जुळले तर, धुक्यात रंगांचे पुरे वर्तुळ उमटते व मधोमध पाहणाऱ्याची स्वतःची सावली पडते. त्याला इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५ साली ते येथे पाहिल्याची नोंद आहे. मी चार वेळा गेलो, चारही वेळा नुसते धुके. कड्याच्या टोकाला उभे राहून पाहण्यापेक्षा पालथे पडून पाहावे, हे बरोबर आलेल्या वाटाड्याचे ऐकावे.

हा सगळा थाट दिवाळीपर्यंतचा. पुढे सोनकी सुकते, डोंगरावरचे गवत पिवळे पडून कापले जाते, आभाळ धुरकटते. भात खळ्यावर येते, ओल धरून असलेल्या खाचरात हरभरा-मसूर टाकायची घाई सुरू होते आणि बियाण्याच्या चौकशीला लोक कचेरीत येऊ लागतात. तेव्हा मी कॅमेरा कोरड्या डब्यात ठेवतो आणि ज्यांची ज्यांची चित्रे टिपली त्यांच्यासाठी कागदावर छापून घेतो. पुढच्या फिरतीत ती घरोघर पोचवायची असतात.