मागच्या आसनाचे गणित

मोटारसायकलीविषयी बोलणारी माणसे बहुधा इंजिनाविषयी बोलतात. मागे बसणाऱ्याला मात्र इंजिनाशी फारसे कर्तव्य नसते. त्याचा संबंध थेट मागच्या शॉकअपशी येतो. आम्हा दोघांपैकी एकजण हँडल धरतो, दुसरी मागे बसते. गेल्या वर्षी मागे बसणारीच्या मणक्यातील गादी सरकली. हादरे टाळा, असे डॉक्टरांनी बजावले. वीस वर्षे कोल्हापूर-गगनबावडा रस्ता बुलेटवरून अनुभवलेल्या आमच्यासमोर तेव्हा प्रश्न उभा राहिला: गाडी विकायची की तिचे शॉकअप बदलायचे?

शॉकअप म्हणजे केवळ स्प्रिंग, असा समज सर्वत्र आढळतो. वास्तविक स्प्रिंग हादरा पोटात घेते आणि लगेच परत करते. तो परत येऊ न देण्याचे काम आतल्या तेलाचे. बारीक छिद्रांतून ढकलले जाताना ते तेल हादऱ्याची उष्णता करून टाकते. तेल थकले की खड्डा ओलांडल्यावरही गाडी डुलत राहते.

बाजारात कंपनीबाहेरचे शॉकअप पुष्कळ मिळतात. पण रंग आणि नायट्रोजनची नळकांडी पाहून निवड करू नये. दोन्ही डोळ्यांमधील लांबी मूळ शॉकअपइतकी हवी आणि स्प्रिंग आपल्या वजनाला साजेशी हवी. आमच्या नव्या जोडीचे बुश बोल्टवर सैल बसत होते. शिवाजी उद्यमनगरात लेथवर नवे बुश अर्ध्या तासात कातून मिळाले. कोल्हापुरात राहण्याचे हे सुख!

मग मोजमाप. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन, चाक लोंबते ठेवून, आसापासून सीटखालच्या खुणेपर्यंतचे अंतर घेतले. नंतर गाडी खाली उतरवून, वर बसून तेच पुन्हा. चाकाच्या एकूण 80 मिलिमीटर हालचालीपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश बसकण असावी. एकट्याची 22 भरली, दोघांची 36. कॉलर दोन घरे पुढे फिरवल्यावर ती 27 वर आली. कॉलरने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त आधीच थोडी दबून राहते. हे भेद मिस्त्रीने आम्हा प्राध्यापकांना एका वाक्यात शिकवले.

खरी परीक्षा कुडित्र्याच्या पुढे झाली. ऊसवाहतुकीने तेथे डांबराला ओळीने लाटा येतात. गाडी टणक लागत होती. आमच्या मते परतीचा वेग आणखी आवळायला हवा होता. मिस्त्रीने उलट तो तीन खटके सैल केला. चाक पूर्ण खाली येण्याआधीच पुढची लाट येत होती, त्यामुळे शॉकअप आखडून बसत होता. सैल करताच तोच रस्ता निम्मा वाटू लागला.

तरीही कबूल करायला हवे की स्प्रिंगने मणका बरा होत नाही. करूळचा घाट आम्ही सोडला आहे. सध्या कळ्यापर्यंत जातो, चहा घेतो आणि परततो. निघण्यापूर्वी कॉलर दोन घरे पुढे घेतली जाते. परतल्यावर पाठ कशी आहे, हा प्रश्न विचारला जातो, आणि पुढच्या रविवारचा निर्णय मागे बसणारीच घेते. बुलेट अजून विकलेली नाही.