हमीपत्रातील बारीक अक्षरे

आमच्या वडिलांच्या हत्यारांच्या पेटीत एकही हमीपत्र नव्हते. रंधा, पटाशी, वाकस, गिरमीट आणि लहानमोठ्या तीन करवती एवढाच त्यांचा संसार. रंध्याचे पाते बोथट झाले की संध्याकाळी ओट्यावर बसून ते दगडावर घासायचे, करवतीच्या दातांना कानस लावायची आणि हातोड्याचा दांडा मोडला तर वाडीतल्याच लाकडाचा नवा घालायचा. हत्यार वापरणारा आणि ते दुरुस्त करणारा एकच माणूस होता. पुढे नागदेवी स्ट्रीटवरून त्यांनी एक जुने रॅलीवुल्फचे ड्रिल आणले, तेव्हा प्रथमच असे हत्यार घरात आले की ज्याच्या पोटात काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. तरीही ते बिघडले म्हणजे स्टेशनजवळच्या वाइंडिंगवाल्याकडे जायचे, कार्बन बदलायचे, फारच झाले तर आर्मेचर नव्याने गुंडाळून घ्यायचे. दोन दिवसांत ड्रिल परत कामावर. ज्याने ते गुंडाळले त्याचे तोंड रोज दिसत होते, हीच त्याची हमी.

माझा धाकटा भाऊ वडिलांच्याच धंद्यात आहे. मी बँकेत नोकरी केली. त्यामुळे घरात लाकूड त्याच्या वाट्याला आणि कागद माझ्या वाट्याला आले. २०२१ साली त्याने एका नामांकित परदेशी कंपनीची रुळावर चालणारी गोल करवत विकत घेतली. अॅल्युमिनियमचा लांब रूळ प्लायवर ठेवायचा आणि त्यावरून यंत्र सरकवायचे. सनमायकाची कडही न उडता सरळ रेषेत काप जातो आणि भुसा नळीवाटे यंत्राबाहेर ओढला जातो. रुळासकट किंमत पन्नास हजारांच्या पुढे. वसईच्या एका सुताराने पन्नास हजारांची करवत घ्यावी याचे शेजाऱ्यांना नवल वाटले. परंतु आजकाल स्वयंपाकघराचे कपाट बनवून घेणारा माणूस कारखान्यात केलेल्या कपाटाशी त्याची तुलना करतो. हाताने तो काप येत नाही. भावाने पतपेढीचे कर्ज काढले आणि दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे तीस दिवसांच्या आत यंत्राची नोंदणीही केली. त्यामुळे हमीची मुदत एका वर्षाची तीन वर्षे झाली.

दुसऱ्या पावसाळ्यात यंत्र बंद पडले. आधी ठिणग्या, मग जळका वास, मग काहीच नाही. मुंबईच्या एका उपनगरात कंपनीचे अधिकृत दुरुस्ती केंद्र होते. भावाने यंत्र नेऊन दिले. आठवड्याने अंदाजपत्रक आले: आर्मेचर, वेग नियंत्रित करणारा इलेक्ट्रॉनिक भाग, मजुरी आणि वर कर. एकूण रक्कम करवतीच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक. खाली एक ओळ होती: अतिभारामुळे बिघाड, हमीत बसत नाही.

भाऊ कागद घेऊन माझ्याकडे आला. "दादा, मी करवतीवर कधी जोर दिला नाही रे. ती स्वतःच पुढे जाते." मी त्याच्याबरोबर केंद्रात गेलो. तेथे कारण बदलले. यंत्र धंद्यासाठी वापरले, असे काउंटरवरील तरुणाने सांगितले. मी हमीपत्र पुढे ठेवले. त्यात तशी अट नव्हती. मग तिसरे कारण पुढे आले: बिल भावाच्या दुकानाच्या नावे आहे, म्हणजे तो ग्राहकच नव्हे. एका बिघाडाला तीन कारणे मिळाली की त्यातले एकही नीट तपासलेले नाही असे मी समजतो.

येथे थोडे यंत्राच्या पोटात डोकावले पाहिजे, कारण वादाचा निर्णय तेथेच दडलेला असतो. अशा हत्यारात फिरणारा भाग म्हणजे आर्मेचर. त्यावर तांब्याच्या तारेची अनेक वेटोळी असतात आणि प्रत्येक वेटोळ्याची टोके एका गोलाकार कड्यावरील तांब्याच्या पट्ट्यांना जोडलेली असतात. या पट्ट्यांवर दोन बाजूंनी कार्बनचे ठोकळे घासत राहतात आणि वीज आत पोहोचवतात. कार्बन झिजतात, ते झिजण्यासाठीच असतात. म्हणून बहुतेक हमींत ते धरले जात नाहीत आणि त्यात गैर काही नाही. प्रश्न आर्मेचरचा असतो. माणसाने यंत्रावर अतोनात भार टाकला तर सगळीच वेटोळी तापतात आणि सर्व बाजूंनी सारखी काळवंडतात. याउलट तारेवरचे वार्निश एखाद्या ठिकाणी मुळातच कच्चे राहिले असेल तर तेवढेच वेटोळे जळते. त्याच्या पट्ट्यांवर डाग पडतो आणि बाकीची तार तांबूस, निरोगी राहते. याला अपवाद असू शकतात, परंतु तारा गुंडाळण्यात आयुष्य घालवलेला कोणताही वाइंडिंगवाला एवढे डोळ्यांनी सांगतो.

भावाने ते आर्मेचर पाहायला मागितले. बराच वेळ ते मिळेना. अखेर आतून एका कारागिराने ते आणून काउंटरवर ठेवले आणि काही न बोलता परत गेला. शेजारशेजारच्या दोनच पट्ट्या काळ्या पडल्या होत्या. बाकी सगळे आर्मेचर स्वच्छ होते. भावाने खिशातून मोबाइल काढून त्याची चार बाजूंनी छायाचित्रे घेतली. मला वाटते, पुढच्या सर्व पत्रांपेक्षा ती चार छायाचित्रे अधिक बोलली.

कारागिरांच्या बाजूने बोलताना मला दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दुरुस्ती केंद्रात येणारे प्रत्येक यंत्र निर्दोष माणसाच्या हातून येते असे नाही. इमारतीच्या कामावर पंधराव्या मजल्यापर्यंत बारीक तार ओढून मोठी यंत्रे चालवतात. दोन हजार वॉटचे यंत्र २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास वीज खेचते. तार पाऊण चौरस मिलिमीटरची आणि पन्नास मीटर लांब असेल तर तारेतच वीसेक व्होल्ट खर्ची पडतात. आधीच दाब कमी असेल तर यंत्र मंदावते, त्याचा थंड हवेचा पंखाही मंदावतो, आणि काम उरकत नाही म्हणून माणूस अधिक रेटतो. त्यात ब्लेड बोथट. अशा वेळी आर्मेचर जळले तर कंपनीने काय करावे? शिवाय कोणी आखातातून किंवा कॅनडाहून स्वस्तात यंत्र आणतो. कॅनडातील यंत्र १२० व्होल्टचे. ते येथे सरळ भिंतीत लावले तर क्षणात संपते, आणि तिकडची हमी बहुधा तिकडेच राहते. ही सारी खरी उदाहरणे आहेत. पण अतिभार होऊ शकतो आणि अतिभार झाला, या दोन वाक्यांत जे अंतर आहे ते तपासणीनेच भरायचे असते.

आता राहिला ग्राहक कोण हा प्रश्न. मला या वादात सर्वांत महत्त्वाचा तोच वाटतो, कारण हातावर पोट असलेल्या किती तरी माणसांना याच एका वाक्याने परत पाठवले जाते. टेलर, वेल्डर, प्लंबर, सुतार, सगळ्यांना. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने वस्तू घेणाऱ्याला ग्राहक मानलेले नव्हते. त्याचा अर्थ असा लावला जाऊ लागला की ज्याने यंत्रावर चार पैसे मिळवले तो व्यापारी. म्हणून १९९३ साली कायद्यात एक स्पष्टीकरण जोडण्यात आले: स्वयंरोजगारातून केवळ आपली उपजीविका चालवण्यासाठी जो वस्तू घेतो आणि स्वतः वापरतो, त्याचा हेतू व्यापारी धरायचा नाही. १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचा अर्थ उलगडून सांगितला. त्या निकालात लेथ मशीनचे उदाहरण आहे. पोटासाठी स्वतः लेथ चालवणारा माणूस ग्राहक आहे. एकदोन मदतनीस हाताशी घेतले म्हणून तो ग्राहक राहत नाही असे नाही. पण यंत्र घेऊन ते पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती चालवायला देणारा मात्र यात बसत नाही. जुना कायदा जाऊन २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला, त्यातही हे स्पष्टीकरण कायम आहे.

माझ्या भावाकडे दोन मुले हाताखाली आहेत. करवत तो स्वतःच धरतो, मुलांना हात लावू देत नाही. दुकानाचे नाव आणि त्याचे नाव यांत कायद्याच्या दृष्टीने भेद नाही, कारण दुकान त्याच्या एकट्याच्या मालकीचे आहे. एवढे सगळे मी एका पत्रात लिहिले. बँकेत चाळीस वर्षे काढलेल्या माणसाला दुसरे येते काय? पत्रात तीन मागण्या केल्या. तपासणीचा अहवाल लेखी द्यावा. अतिभार कोणत्या खुणांवरून ठरवला ते त्यात नमूद करावे. आणि काढलेले भाग नष्ट न करता आम्हांला परत करावेत. तिसरी मागणी वाचकांनी लक्षात ठेवावी. जिल्हा आयोगाला वाटल्यास तो वस्तू प्रयोगशाळेकडे तपासणीसाठी पाठवू शकतो, पण वस्तूच भंगारात गेली असेल तर तपासणार काय?

पत्र रजिस्टर पोस्टाने कंपनीला आणि विक्रेत्याला, दोघांनाही पाठवले. सोबत आर्मेचरची छायाचित्रे जोडली. तक्रार कोठे दाखल करता येईल हेही शेवटी लिहिले. पूर्वी अशा तक्रारीसाठी विरुद्ध पक्षाच्या गावी किंवा जेथे व्यवहार घडला तेथे जावे लागे. नव्या कायद्याने तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडेही जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. वकील लागतोच असे नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे लागते, एवढे भान मात्र ठेवावे.

आयोगापर्यंत जावे लागले नाही. पाच आठवड्यांनी कंपनीच्या मुख्य कार्यालयातून दूरध्वनी आला. आर्मेचर हमीत बदलून देऊ, इलेक्ट्रॉनिक भागाचे अर्धे पैसे द्या, मजुरी नको. भावाला ते मान्य झाले. मला झाले नव्हते. एका दोषाने दुसरा भाग जळला असेल तर दुसऱ्याचे पैसे का, असा माझा हेका होता. "दादा, तुला पत्र लिहायला वेळ आहे, मला करवत पाहिजे," असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे बरोबर होते.

कारण खरा खर्च अंदाजपत्रकात नव्हताच. यंत्र जाऊन परत येईपर्यंत साडेतीन महिने गेले. त्या काळात त्याने दोन कामे सोडली, एक काम भाड्याच्या साध्या यंत्रावर केले आणि कडा उडाल्या म्हणून तीन प्लाय स्वतःच्या खिशातून भरले. पतपेढीचा हप्ता कोणी थांबवला नाही. आयोग अशा नुकसानीची भरपाई देऊ शकतो. पण रोजची मिळकत सिद्ध करायची तर हिशेबाची वही पाहिजे, आणि आमच्या सुतारांची वही म्हणजे भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेले आकडे. आता भाऊ वही ठेवतो. त्यात तारखेसकट कोणत्या यंत्राचे कार्बन कधी बदलले, ब्लेड कधी लावून आणले, हेही असते.

गॅरंटी म्हणजे बदलून देणे आणि वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून देणे, असे दुकानदार छातीठोकपणे सांगतात. कायद्यात असा सरधोपट भेद नाही. कागदावर जे लिहिले असेल ते महत्त्वाचे. आणि कागदावर जे नसते, त्याची चिंता मला अधिक वाटते. किती वर्षे सुटे भाग मिळतील? ते बाहेरच्या कारागिराला विकत मिळतील का? केंद्र सरकारने २०२२ च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, तिने प्रथम चार क्षेत्रे निवडली: शेतीची अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने. सुताराच्या हत्यारांचे वेगळे नाव त्यांत नाही. नव्या यंत्रांत तर कार्बनच नाहीत. त्यांची मोटर एका इलेक्ट्रॉनिक पाटीवर चालते, आणि ती पाटी गेली तर वाइंडिंगवाल्याला गुंडाळण्यासारखे काही उरत नाही. बॅटरीचेही तेच. आतल्या पाचदहा सेलपैकी एक अशक्त झाला की आख्खी बॅटरी निकामी ठरते, आणि नवी घ्यायची तर यंत्राच्या किमतीचा मोठा भाग तिच्यातच जातो.

मागच्या नाताळाआधी भावाला बॅटरीवरचे ड्रिल घ्यायचे होते. मी सोबत होतो. पहिल्या दुकानात त्याने किंमत न विचारता आधी विचारले, या बॅटरीचा आणि पाटीचा भाग किती वर्षे मिळेल, आणि बिलावर तसे लिहून द्याल का. दुकानदार हसला. दुसऱ्या दुकानात दूरध्वनी क्रमांक मिळाला. तिसरे दुकान लहान होते, मागच्या फळीवर बॅटऱ्या, स्विच आणि चक रांगेने लावून ठेवलेले. म्हाताऱ्या मालकाने बिल भावाच्या स्वतःच्या नावे केले, खाली दुकानाचे नाव घातले आणि आपला शिक्का मारला.