उसवलेली शिवण



चारचौघांत आपली फजिती झाली, की जमीन दुभंगून तिने आपल्याला पोटात घेतले तर बरे, असे वाटते ना? मलाही एकदा तसेच वाटले होते.

मी तेव्हा आठवीत होते. पुण्यातील एका आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत मराठीतून बोलण्यासाठी आमच्या बाईंनी माझे नाव दिले. व्यासपीठावर उभी राहून मी म्हणाले, "पाऊस आली आणि माझी पुस्तक भिजली." सभागृहात एकच हशा पिकला. आपल्या उर्दूत 'बारिश' आणि 'किताब' हे दोन्ही शब्द स्त्रीलिंगी आहेत. मराठीत मात्र पाऊस पुल्लिंगी आणि पुस्तक नपुंसकलिंगी. उर्दूत तर नपुंसकलिंग मुळीच नाही! पण त्या वेळी हे कोणाला सांगणार? पाठ केलेले सारे विसरून मी खाली उतरले.

घरी येताच मी जाहीर केले, "उद्यापासून मी शाळेत जाणार नाही." अम्मी रागावली नाही. 'त्यात काय एवढे' असेही म्हणाली नाही. तिने मला पोटभर रडू दिले आणि मग गरम चहा दिला. अब्बा शिवणकाम करीत. मशीनवरून मान वर न करता ते म्हणाले, "बेटी, शिवण उसवली म्हणून कोणी कापड फेकून देत नाही. जिथे उसवली, तिथेच पुन्हा टाका घालायचा."

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला जवळ बोलावले.

"चुका किती झाल्या?"

"दोन."

"मग दोन चुकांसाठी सारे भाषण टाकून आलीस?"

त्या दिवसापासून रोज पाच मराठी वाक्ये लिहून त्यांना दाखवायची, असे ठरले. मुक्ता साळवेची हकीकतही मला बाईंनीच सांगितली.

मुक्ता आपल्या पुण्याचीच. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. सावित्रीबाई शाळेत जाऊ लागल्या, की लोक त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल फेकीत. म्हणून त्या दुसरे लुगडे सोबत नेत आणि ते नेसून शिकवायला उभ्या राहत. त्यांची सोबतीण फातिमा हिचा उल्लेख त्यांच्या १८५६ सालच्या एका पत्रात आहे. फुले दांपत्याच्या शाळेत मातंग समाजातील मुक्ता शिकली. तिच्या समाजाला शिक्षणाची दारे बंद होती. त्याच मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल तिने त्यात सांगितले. तेव्हा ती साधारण तुमच्याच वयाची होती. दुःख मनात कोंडून न ठेवता तिने ते शब्दांत मांडले.

पुढच्या वर्षी मी पुन्हा त्याच स्पर्धेत उतरले. एके ठिकाणी अडखळले, क्षणभर थांबले आणि पुढे बोलत राहिले. बक्षीस मिळाले नाही. पण भाषण पूर्ण झाले. त्या रात्री अब्बांनी जिलेबी आणली.

आज मी स्वतः मराठी शिकवते. धीराची मुले कधी रडतच नाहीत, असे मला वाटत नाही. ती रडतात, आणि मग डोळे पुसून कामाला लागतात. माझ्यापाशी अम्मी, अब्बा आणि बाई अशी माणसे नसती, तर मी एकटी उठले असते की नाही, कोण जाणे!

म्हणून तुम्हाला दोनच गोष्टी सांगते. कधी मन मोडले, तर एकटे कुढत बसू नका. घरातील किंवा शाळेतील एखाद्या मोठ्या माणसाला सांगा. आणि वर्गात कोणी 'पाऊस आली' म्हणाले, तर हसू नका. त्याच्या जवळ जाऊन हळूच सांगा, "पाऊस आला."