दोन नद्यांच्या पोटातलं गाव

कोल्हापूरहून पुणे-बंगळूर महामार्गानं निपाणीला जाताना दोन नद्या लागतात. कागल मागं टाकलं की दूधगंगा, आणि निपाणीच्या अलीकडे यमगर्णीला वेदगंगा. महामार्गावरून त्या नीट दिसतही नाहीत, पूल येतो आणि जातो. पण याच दोघी पुढं भोज गावापाशी एक होतात आणि दूधगंगा या नावानं वाहू लागतात. त्या पाण्याच्या काठचं बोरगाव मला पाहायचं होतं. फेब्रुवारीची सुरुवात होती, ऊसतोड भरात होती.

निपाणीत उतरल्यावर पहिली गाठ पडते ती तंबाखूच्या वासाशी. हे गाव वाढलं ते तंबाखूच्या वखारींवर. स्टँडवर शेजारी बसलेल्या मावशींनी वखारीत तीस वर्षं चाळणी मारली होती. "धुरळा नाकात न् पैसा हातात, दोन्ही संगंच यायचं," त्या म्हणाल्या, आणि बोलता बोलता खोकल्या. निपाणीचे लेखक महादेव मोरे यांनी पिठाची गिरणी चालवत अशाच माणसांच्या कथा लिहिल्या, त्यांच्याच बोलीत. मावशींचं बोलणं ऐकताना वाटलं, त्यांना कथानक शोधायला लांब जावं लागलं नसणार.

शेतकऱ्याचं दुखणं वेगळं होतं. माल त्याचा, पण दर ठरवायचा व्यापारी. 1981 साली शरद जोशींच्या शेतकरी संघटनेच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक याच महामार्गावर ठाण मांडून बसले. 6 एप्रिलला गोळीबार झाला आणि शेतकरी मारले गेले. ज्या रस्त्यावरून मी तासाभरात आलो, तो रस्ता त्यांनी आपल्या घामाच्या किमतीसाठी आठवडे अडवून धरला होता. हे ठाऊक असूनही तिथून नुसतं पुढं निघून जाणं मला जड गेलं.

बोरगावच्या बसवरची पाटी कानडीत होती. मी घुटमळलो तेव्हा एक आक्का म्हणाल्या, "बोरगावलाच जातीया, चढा की!" कंडक्टर एका बाकावर कानडी, पुढच्या बाकावर मराठी बोलत तिकिटं फाडत होता. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यं नव्यानं आखली गेली आणि निपाणी-बोरगावसह मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. इथला मराठी माणूस उताऱ्यापासून अर्जापर्यंत परक्या लिपीशी झगडतोय. ती सल खरी आहे. या सीमेवरून महाराष्ट्रानं 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. पण रोजचं जगणं निकालासाठी थांबत नाही. निपाणीकर ज्याला आपलं म्हणतात ते देवचंद कॉलेज अर्जुननगरात, म्हणजे महाराष्ट्रात आहे. घर कर्नाटकात आणि वर्ग महाराष्ट्रात, अशा पिढ्या इथं शिकल्या.

अक्कोळच्या पुढं खिडकीतून जमीन वाचता येऊ लागली. माळाच्या अंगाला कापलेला तंबाखू उन्हात वाळत पडलेला. हे पीक पावसाळा सरताना लावतात, ते जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर निभावतं. जसजसा उतार लागला तसा तंबाखू विरळ झाला आणि उसाची भिंत उभी राहिली. उसाला वर्षभर पाणी हवं. ते दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणातून येतं आणि मोटारी ते काठापासून लांबवर चढवतात. एकाच शिवारात दोन काळ शेजारी उभे होते: पाणी नसतानाचा आणि पाणी आल्यानंतरचा. फडात बीडकडची टोळी घाव घालत होती, बांधावर त्यांच्या कोप्या आणि कोपीबाहेर उन्हात बसलेली पोरं. इथल्या पाण्याची गोडी ज्यांच्या हातून साखर कारखान्यात जाते, त्यांच्या गावी मात्र पाणीच नाही.

संगमाकाठचं भोज हे आचार्य शांतिसागर महाराजांचं गाव. 1872 साली जवळच्या येळगुळला जन्मलेले सातगौडा पाटील पुढं दिगंबर जैन मुनिपरंपरेचं पुनरुज्जीवन करणारे आचार्य झाले. चरित्रकार सांगतात की, तरुणपणी ते बोरगावच्या आदिसागर मुनींना खांद्यावर घेऊन संगमाचं पाणी पार करवत. शेजारच्या सदलग्यात 1946 साली आचार्य विद्यासागर जन्मले. उसाच्या पैशानं गजबजलेल्या या मुलखानं सर्वस्व सोडणारी माणसं दिली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

बोरगावात शिरताना आधी आवाज येतो. इचलकरंजीचे माग राज्याची हद्द ओलांडून इथल्या घराघरांत आलेत. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग 1904 साली विठ्ठलराव दातारांनी बसवला, त्याची खडखड आज इथवर ऐकू येते. एका शेडमध्ये मागवाल्या अण्णांनी खुणेनंच बसायला सांगितलं आणि माग थांबल्यावर हिशेब समजावला. सूत व्यापाऱ्याचं, विणायचं यांनी, मजुरी पिकावर. इथं पीक म्हणजे आडव्या धाग्याची एक फेक. "एक पीक शेतात, एक मागावर," अण्णा म्हणाले, "आणि दोन्हींचा दर दुसराच ठरवतो." निपाणीच्या रस्त्यावर 1981 साली जे भांडण झालं, तेच या वाक्यात होतं.

दिवस कलताना नदीवर गेलो. पाणी संथ होतं. काठावर म्हशी धुणाऱ्या तात्यांनी विचारलं, "कुणीकडचं म्हणायचं पाव्हणं?" मी सांगितलं. मग त्यांनी हात खांद्याच्या वर उचलून दाखवला. 2019 च्या महापुरात घरात पाणी इथवर होतं. कारदगा-भोज, सिदनाळ-अक्कोळ, मल्लिकवाड-दत्तवाड हे पूल दर मोठ्या पावसात बुडतात. "पूल बुडला की पल्याडचं माणूस लांबचं हुतंय. उतरला की पुन्हा आपलं," तात्या म्हणाले.

मुंबई-बंगळूरच्या नकाशात हा सीमाभाग आहे, म्हणजे कडेचा. इथं काठावर उभं राहिल्यावर मात्र कड कुठंच दिसेना. एका अंगाला तंबाखूची निपाणी, दुसऱ्या अंगाला मागांची इचलकरंजी, आणि मध्ये हे पाणी. तात्यांनी शेवटची म्हैस बाहेर काढली आणि म्हणाले, "चला, चा घेऊन मग जावा." मी त्यांच्या मागून चढण चढलो.