गावचं डुक्कर, बाहेरची बंदूक

तूर फुलावर आली की वर्धा जिल्ह्यात जंगलाकडेच्या गावांना रात्रीची झोप नसते. सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा या तालुक्यांत ज्याचं वावर रानाला लागून आहे, त्याच्या घरचा एक माणूस लक्ष्मीपूजनाच्या रात्रीसुद्धा जागलीवर असतो. घरी फराळाची ताटं मांडलेली आणि हा मचाणीवर टॉर्च आणि पत्र्याचा डबा घेऊन बसलेला. वनक्षेत्रपाल म्हणून मी विदर्भात नोकरी केली. लोक वाघाच्या गोष्टी विचारतात, पण माझ्या नोकरीतली सर्वाधिक कागदपत्रं रानडुकराची होती: अर्ज, पंचनामे, नुकसानीचे प्रस्ताव.

त्यातला एक अर्जदार अजून डोळ्यांसमोर आहे. डुक्कर मारायची लेखी परवानगी त्याला मिळाली होती. चार दिवसांनी तो तोच कागद घेऊन परत आला. म्हणाला, "कागद तं भेटला साहेब, पण मारू कायनं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम 11 सांगतं की प्राणी माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक झाला, तर अधिकारी लेखी आदेशाने त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्रात रानडुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगाय, यांच्यासाठी हीच वाट वापरतात. पण परवानगी देणारं खातं एक आणि बंदुकीचा परवाना देणारं दुसरं. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी तरतूद आहे, म्हणजे कायदा करणाऱ्यांना शेतकऱ्याची गरज ठाऊक होती. तरी गावात बंदुका उरल्या नाहीत. आजोबा गेले, परवान्याचं नूतनीकरण राहिलं, नातवाने नवा मागितला तर चौकश्यांच्या फेऱ्या. त्यात निवडणूक लागली की परवान्याच्या बहुतेक बंदुका ठाण्यात जमा होतात. 2024 ची विधानसभेची निवडणूक 20 नोव्हेंबरला झाली, ऐन तुरीच्या दिवसांत.

मग मारायचं कोणी? उत्तर येतं, बाहेरून माणूस बोलवा. 2016 च्या जूनमध्ये बिहारमधल्या मोकामा भागात दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या गेल्या, त्या हैदराबादहून आलेल्या नेमबाजांनी. वर्धा नदीच्या पलीकडे, यवतमाळच्या राळेगाव तालुक्यात 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री पांढरकवड्याची वाघीण मेली, तीही हैदराबादच्याच नेमबाजाच्या गोळीने. वाघासाठी निष्णात माणूस बाहेरून आणावा लागणं मी समजू शकतो. पण एका वावरातल्या डुकरासाठी? तो माणूस येईपर्यंत शेंगा संपतात.

बाहेरचा आणि गावचा हा प्रश्न अमेरिकेत फार उघडपणे सोडवलेला मी वाचला आणि तेव्हापासून तो डोक्यातून गेला नाही. तिकडे शिकार कायदेशीर आहे. दरवर्षी त्या त्या राज्याचं वन्यजीव खातं किती जनावरं मारता येतील ते ठरवतं आणि त्या हिशेबाने टॅग काढतं. टॅग म्हणजे मारलेल्या जनावराला बांधायची चिठ्ठी. एक चिठ्ठी, एक जनावर. मागणी जास्त असेल तिथे सोडत निघते आणि सोडतीत अनेकदा राज्याच्या रहिवाशांचा हिस्सा वेगळा राखलेला असतो. न्यू मेक्सिकोत 84 टक्के टॅग रहिवाशांना, 10 टक्के स्थानिक वाटाड्याशी करार केलेल्यांना आणि फक्त 6 टक्के इतर बाहेरच्यांना. मोंटानात 1976 साली रहिवाशाला एल्कचा, म्हणजे सांबरासारख्या मोठ्या हरणाचा परवाना 9 डॉलरला मिळे. बाहेरच्याला 225 डॉलरचा संयुक्त परवाना घ्यावाच लागे. त्यावर खटला झाला आणि 1978 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याची बाजू उचलून धरली. बाहेरचे शिकारी आजही तक्रार करतात की जनावरं चरतात ती पुष्कळशी जमीन केंद्र सरकारची, म्हणजे सगळ्या देशाची आहे आणि महागड्या शुल्कातून खातं आम्हीच चालवतो. तक्रारीत तथ्य आहे. तरी मला राज्याची भूमिका पटते. जो बारा महिने त्या जनावरासोबत राहतो, त्याचा हात आधी.

शिकारीचा खेळ आपल्याकडे परत यावा असं मला मुळीच वाटत नाही. तो कसा होता ते माहीत आहे. वर्धा मध्य प्रांतात असताना राखीव जंगलांचे शिकारीसाठी ब्लॉक पाडलेले असत. साहेबलोक आणि मालदार ब्लॉक आगाऊ मागून घेत, गावकऱ्यांच्या वाट्याला हाकारा येई. स्वातंत्र्यानंतर शिकार कंपन्या परदेशी पाहुणे आणू लागल्या, गावकरी हाकाऱ्यालाच राहिले. 1970 मध्ये वाघाची शिकार थांबली. 1972 च्या कायद्यातही आधी मोठ्या आणि छोट्या शिकारीचे परवाने होते. ते 1991 च्या दुरुस्तीने गेले. ते जाणं योग्यच होतं. पण ज्या रानात पिढ्यान्पिढ्या बाहेरच्याला जनावर आणि गावच्याला हाकारा अशी वाटणी होती, तिथे खेळ बंद झाल्यावरही वाटणी तशीच राहिली, हे मला खुपतं.

बोरचंच बघा. 138 चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं, तेव्हाचा देशातला सर्वांत लहान. एवढ्याशा जागेत वाघ मावत नाही, डुक्कर तर नाहीच. सफारीची जीप बोरधरणहून संध्याकाळी परतते, त्यानंतर कळप बाहेर पडतात. बाहेरचा माणूस जनावर बघून जातो, गावचा त्याला रात्रभर पोसतो. आणि परवानगीने डुक्कर मारलंच, तर कलम 39 नुसार ते सरकारी मालमत्ता. पंचनामा करून पुरायचं किंवा जाळायचं. आष्टीकडच्या एका म्हाताऱ्याने मला सुनावलं होतं, "जितं हाय तवर कोनाचंच नाही, मेलं का सरकारचं. आन् तूर?"

ज्याला कागदी वाट उपयोगी पडत नाही तो तार लावतो. झटका मशीनची नव्हे. ती धक्का देते, जीव घेत नाही. मी म्हणतो ती थेट खांबावरून आकडा टाकलेली करंटची तार. ब्रह्मपुरी भागात पकडून 2017 च्या जुलैत बोरमध्ये सोडलेली तरुण वाघीण त्याच ऑक्टोबरात वर्धा जिल्ह्यातल्या एका वावरात अशाच तारेला लागून मेली. तारेला परवाना कळत नाही, संख्या कळत नाही, डुक्कर आणि वाघीण यांतला फरकही कळत नाही. स्वतःच्या तारेत शेतकरी गेल्याच्या बातम्याही विदर्भात दर हंगामात येतात.

याच जिल्ह्यातल्या सेवाग्रामला ज्यांचा आश्रम होता, त्या गांधींनी 1946 मध्ये 'हरिजन'मध्ये या विषयावर स्पष्ट लिहिलं होतं. देशात अन्नटंचाई असताना अहिंसेच्या नावाखाली जनावरांना पीक खाऊ देणं हे त्यांनी पाप मानलं. संदर्भ वानरांचा होता. अहिंसेचा अर्थ लावताना त्यांनी कसणाऱ्याला विसरू दिलं नाही.

केरळने 2022 मध्ये एक पाऊल टाकलं. रानडुक्कर मारण्याच्या परवानगीचा अधिकार तिथे ग्रामपंचायतीसारख्या स्थानिक संस्थांच्या प्रमुखांना दिला आणि परवानाधारक बंदूकवाल्यांची यादी तयार केली. आपल्याकडे मला हेच हवं आहे, थोड्या भरीने. हंगामाआधी ग्रामसभा, वनरक्षक आणि कृषी सहायक यांनी बसून गावाची संख्या ठरवावी: या वर्षी एवढी डुकरं, एवढे रोही, पिल्लांसोबतची मादी नाही. प्रत्येक जनावरामागे क्रमांकाची एक चिठ्ठी. मारणारा शक्यतो गावचा किंवा तालुक्याचा, प्रशिक्षित. फासेपारध्यांकडे रानाची जी समज आहे ती आपण दीडशे वर्षं गुन्हा म्हणून पाहिली. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यापासून चिकटलेला तो शिक्का 1952 मध्ये कायद्यातून पुसला, मनातून नाही. त्यांच्यातले तरुण सरकारी ओळखपत्र घेऊन या यादीत का नसावेत? आणि ज्या गावात एकही करंटची तार सापडणार नाही, त्याच गावाला पुढच्या वर्षी चिठ्ठ्या.

निवृत्तीनंतर मी त्या कागदवाल्या शेतकऱ्याकडे गेलो होतो. त्याने तूर सोडली आहे. धुऱ्यापर्यंत सगळी कपाशी, कारण डुक्कर कपाशीला कमी तोंड लावतं. डाळ आता तो दुकानातून आणतो. परवानगीचा तो कागद त्याने सातबाऱ्याच्या पिशवीत जपून ठेवला होता. मुदत संपून आठ वर्षं झाली होती.