सांधा

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीची प्रबंधिका वाचत असताना आम्ही एका अवतरणापाशी थबकलो. जुन्या मराठी गद्यावरील आमच्या सरांच्या पुस्तकातून तिने ते घेतले होते : 'पद्य पालखीतून येते, गद्य पायी चालत येते, म्हणून त्याच्या पायांना गावोगावची माती लागलेली असते.' सरांची अवघी गद्यदृष्टी या एका वाक्यात सामावली आहे, असे तिने खाली लिहिले होते. पृष्ठांक बरोबर होता, विरामचिन्हेही बरोबर होती. अडचण एवढीच की ते वाक्य सरांचे नव्हते. आमचे होते.

हे कसे घडले ते सांगितले पाहिजे. सर गेले तेव्हा त्यांच्या व्याख्यानांच्या टिपणांचे एक गाठोडे मागे राहिले. काही पाने वाळवीने खाल्लेली, काही ठिकाणी नुसतीच मोकळी जागा आणि समासात 'येथे उदाहरण' एवढीच खूण. बाईंनी (सरांच्या पत्नीला आम्ही सारे बाईच म्हणत असू) ते आमच्या स्वाधीन केले. आम्ही तेव्हा तरुण होतो, आणि सरांची शैली सरांपेक्षा आम्हांसच अधिक ठाऊक आहे, असा आमचा समज होता. एकूण अकरा ठिकाणी दोन-चार वाक्ये घालून आम्ही तुटलेली टोके जुळवली. प्रस्तावनेत 'किरकोळ संपादकीय संस्कार' असा एक शब्दप्रयोग टाकला आणि निर्धास्त झालो. पुस्तकाचे कौतुक झाले. एका परीक्षणात मांडणीच्या ओघवतेपणाचा खास उल्लेख होता. तो वाचून आम्हांस आनंद झाला होता, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

अशा जुळवणीला इंग्रजीत 'स्प्लाइसिंग' म्हणतात. प्रबंधिका बाजूला ठेवून आम्ही त्या शब्दाच्या मागे लागलो. अपराधी माणसाला कोश उघडण्याची फार हौस असते. शब्द खलाशांचा, बहुधा डच भाषेतून आलेला. चिरणे, फोडणे या अर्थाच्या 'स्प्लिट'शी त्याचे नाते सांगतात. जोडण्याचा शब्द फोडण्यातून यावा हे प्रथम चमत्कारिक वाटते, पण दोर सांधताना पाहिला की वाटत नाही. दोन्ही दोरांची टोके आधी उलगडावी लागतात. मग एकाचे मोकळे पेड दुसऱ्याच्या पिळात खाली-वर ओवत न्यावे लागतात. गाठ क्षणात मारता येते, पण गाठीपाशी दोराचे बळ बरेच घटते आणि ती कप्पीतून जात नाही. सांधलेला दोर जवळजवळ मूळचे बळ राखतो आणि कप्पीतूनही जातो. मात्र सांध्यापाशी तो किंचित जाड असतो. डोळ्यांना चटकन दिसले नाही तरी बोटांना कळते.

आपल्याकडे सांधा हाडाचा असतो, सुताराचा असतो आणि व्याकरणाचाही असतो. गण आणि ईश जवळ आले की अ जातो, ई जाते आणि दोघांच्या जागी ए येऊन बसतो. तरीही विग्रह करता येतो, कारण नियम सर्वांना ठाऊक आहे. नियम ठाऊक असलेला सांधा कोणाला फसवत नाही.

गवंडीकामातला सांधा आम्ही आमच्याच इमारतीच्या पुनर्बांधणीच्या वेळी पाहिला. खांबाची सळई संपली की पुढची सळई तिला चिकटवत नाहीत. दोघी काही अंतर शेजारी-शेजारी ठेवतात. याला 'लॅप' म्हणतात. ते अंतर सळईच्या जाडीच्या अनेक पट, बहुधा चाळीस-पन्नास पट, असते. वर बांधलेली बारीक तार फक्त जागा धरून ठेवते. एका सळईचे ओझे दुसरीकडे जाते ते भोवतालच्या काँक्रीटमधून. सगळे लॅप एकाच पातळीवर येऊ देत नाहीत, कारण तेथे इमारत दुबळी होते. हे ऐकून आम्हांस उगाचच टीकालेखन आठवले. चांगल्या लेखात अवतरण आणि भाष्य असेच शेजारी पडलेले असतात; दोघांना एकजीव करण्याची गरज नसते.

आणि मग जीवशास्त्र. या प्रांतात आम्ही उपरे आहोत, पण जे समजले ते थक्क करणारे होते. जनुक म्हणजे सलग वाचायचा मजकूर, अशी समजूत होती. १९७७ साली फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांना, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, ॲडिनोव्हायरसचा अभ्यास करताना दिसले की मजकूर तुटक आहे. अर्थ असणाऱ्या तुकड्यांच्या मध्ये लांबच लांब भलताच मजकूर आहे. पेशी जनुकाची आरएनएच्या रूपात नक्कल काढते, त्या नकलेतून मधला मजकूर वगळते आणि उरलेली टोके जोडते. १९९३ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. वगळल्या जाणाऱ्या भागाला 'इंट्रॉन' हे नाव वॉल्टर गिल्बर्ट यांनी १९७८ साली दिले. माणसाच्या बहुतेक जनुकांची जोडणी एकाहून अधिक प्रकारे होऊ शकते आणि एकाच मजकुरातून निरनिराळी प्रथिने निघतात. पाठभेद हा शब्द येथे आम्हांस सुचला नसता तरच नवल.

सांधा चुकला तर काय होते, याचे उत्तरही तेथे आहे. भारतात बीटा थॅलेसिमियाला कारणीभूत होणाऱ्या बदलांपैकी सर्वांत जास्त आढळणारा बदल एका अक्षराचा आहे. तो अर्थपूर्ण तुकड्यात नाही, वगळायच्या भागाच्या अगदी काठाशी, पाचव्या जागी आहे. तेवढ्याने जोडणी बिघडते, आणि मुलाला जन्मभर दुसऱ्याचे रक्त घ्यावे लागते.

पण आम्हांस झोंबली ती वेगळीच गोष्ट. पेशी कापाकापी करते ती नकलेवर. मूळ पोथी केंद्रात जशीच्या तशी राहते, इंट्रॉनांसकट.

पोथीचा विषय निघाला की वाचकांना भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती आठवेलच. १९१९ साली सुरू झालेले ते काम १९६६ साली पुरे झाले, आणि १९२५ पासून ते विष्णु सीताराम सुकथनकरांनी घडवले. शेकडो वर्षांच्या जोडण्या त्यांनी उकलल्या. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहून घ्यावे हा घराघरांत ठाऊक असलेला प्रसंगसुद्धा संहितेबाहेर परिशिष्टात गेला. पण फेकले काहीच नाही; वगळलेले सारे तळटीपांत, परिशिष्टांत छापलेले आहे, आणि जेथे पाठाची खात्री नाही तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ आहे. ती रेघ हे मराठी मुलखात झालेल्या विद्वत्तेचे फार मोठे लेणे आहे, असे आमचे मत आहे. आणि त्याच्याही आधी, शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे पाठशोधन केल्यावर एकनाथांनी तीत पदरची ओवी घालणाऱ्याला नरोटीची उपमा देऊन बजावले होते. हे सारे आम्ही वर्गात अनेक वर्षे शिकवत आलो आहोत. असो.

पावसाळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मुलगा छत्रीखाली स्टुलावर बसून इंटरनेटची तुटलेली केबल जोडत होता. आम्ही उभे राहिलो. केसाएवढा काचेचा तंतू त्याने सोलला, स्पिरिटने पुसला, एका छोट्या यंत्रात काटकोनात कापला. मग दुसऱ्या यंत्रात दोन टोके समोरासमोर ठेवली. ठिणगी पडली, काच वितळून एक झाली, पडद्यावर आकडा आला : ०.०२ डेसिबल. "काका, एवढाच लॉस," तो म्हणाला. आम्हांस सांधा दिसेना, तसे त्याला सांगितले. तो हसला. "तुम्हाला काय, मलापण दिसत नाही. पण साहेब ऑफिसात बसून एका टोकाने लाइट सोडतात, आणि कितव्या मीटरला जॉइंट आहे ते सांगतात."

त्या संध्याकाळी आम्ही बाईंकडे गेलो. दुसऱ्या आवृत्तीचे प्रकाशकांनी विचारलेच होते. ती अकरा ठिकाणे वेगळ्या टंकात छापावीत आणि काय घडले ते प्रस्तावनेत स्पष्ट सांगावे, असे आम्ही सुचवले. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ठिगळं दिसतील रे. त्यांना फाटकं नेसून वर्गात गेलेलं कधी पाहिलंस का?" आम्ही निरुत्तर झालो. नंतर त्याच म्हणाल्या, "त्या मुलीला मात्र सांग."

विद्यार्थिनीला आम्ही सांगितले. तिने अवतरण काढले नाही. त्याखाली एक तळटीप दिली, आणि तीत आमचे नाव घातले. मग तिने स्वाभाविक प्रश्न विचारला : बाकीची दहा वाक्ये कोणती?

मूळ गाठोडे आता नाही. बाईंनी जुने घर सोडले तेव्हा, पुस्तक छापून झालेच आहे म्हणून, ते रद्दीत गेले. आम्ही पेन्सिल घेऊन पुस्तक पहिल्यापासून वाचायला बसलो. दोनदा वाचले. तिच्या अवतरणासह नऊ ठिकाणांखाली नागमोडी रेघ ओढता आली. दोन सापडत नाहीत.