बादलीतली कण्हेर

गॅल्व्हेस्टनमधलं आमचं घर रस्त्यावरून दिसत नाही. चर्च स्ट्रीटवर दोन मजली व्हरांड्याचं एक उंच लाकडी घर आहे. त्याच्या कडेच्या पायवाटेनं आत गेलं की परसात, मागच्या बोळाकडे तोंड करून, आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड. अशा घरांना इथे ‘ॲली हाउस’ म्हणतात. पुढे मालक, मागच्या बोळात राबणारे, अशी ही जुनी रचना. टेक्सासमधले गुलाम मुक्त झाल्याचा हुकूम १९ जून १८६५ रोजी याच बेटावर निघाला. त्याआधी बोळांतल्या खोल्यांमध्ये कोण राहत असेल, ते वेगळं सांगायला नको. आमची खोली बरीच नंतरची. १९०० च्या वादळात मोडलेल्या घरांच्या फळ्या गोळा करून ती बांधली, असं घरमालकीणबाई सांगतात. दोन फळ्यांचे रंग एकमेकांना ओळखत नाहीत, त्यावरून खरं असावं.

बायकोला इथल्या वैद्यकीय विद्यापीठात संशोधनाची नोकरी लागली आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये आम्ही ह्यूस्टनहून इथे आलो. अंतर पन्नास मैलांचं, पण शेवटचा खाडीवरचा पूल ओलांडला की गाडीच्या काचांवर आतून नाही, बाहेरून वाफ धरते. हे बेट मेक्सिकोच्या आखातातली वाळूची एक लांब, बारीक पट्टी आहे. दिल्लीच्याही थोडं उत्तरेला, तरी हवा मात्र जून महिन्यातल्या अलिबागची. मी अलिबागचा. त्या वाफेनं मला पहिल्याच दिवशी घरचं करून घेतलं; विदर्भातल्या बायकोला अजून नाही.

भाडेकरार मी नीट वाचला. चाळीत वाढलेला माणूस करार वाचतोच. अकरा महिन्यांऐवजी बारा, अनामत एका महिन्याची, सोडताना नवा पत्ता लेखी दिला की तीस दिवसांत ती परत करायची. त्यातच एक वेगळा कागद होता. त्या वर्षापासून टेक्सासमधल्या घरमालकाला लेखी सांगावं लागतं की घर पूररेषेत येतं का, आणि गेल्या पाच वर्षांत घरात पाणी शिरलं होतं का. बाईंनी पहिल्या प्रश्नापुढे ‘होय’ आणि दुसऱ्यापुढे ‘नाही’ अशी खूण केली, सही केली, आणि मग मला स्वयंपाकघराच्या दाराशी नेलं. चौकटीवर माझ्या कमरेच्या वर एक पेन्सिलीची रेघ होती. “आयक,” त्या म्हणाल्या. १३ सप्टेंबर २००८ च्या पहाटेचं वादळ. चौदा वर्षं होत आली होती, म्हणजे कायद्यानं ‘नाही’ हेच उत्तर बरोबर. पण रेघेवर रंग मारायचा नाही, हे करारात नसलेलं कलम त्यांनी तोंडी घातलं.

जाताजाता त्यांनी एक सल्लाही दिला. भाडेकरूच्या नेहमीच्या विम्यात पुराचं पाणी धरत नाहीत. तो विमा वेगळा घ्यावा लागतो आणि घेतल्यावर तो लागू व्हायला तीस दिवस लागतात. “वादळाला नाव पडल्यावर धावाधाव करू नका.” आणि कागदात गुंडाळलेली एक हिरवी काडी हातात दिली. “ओलिअँडर. पाण्यात ठेवा.” मी पाहिलं तर कण्हेर.

आठवड्याभरात तिला मुळं फुटली. जमिनीत लावायचा विचार मनातही आला नाही. आमच्या चाळीत तुळस डालड्याच्या डब्यात असायची. उद्या खोली सोडायची झाली तर डबा काखेत मारून निघता येतं, असं आई म्हणायची. मी हार्डवेअरच्या दुकानातून एक पांढरी प्लॅस्टिकची बादली आणली, बुडाला भोक पाडलं, आणि कण्हेर बादलीत लावून पायरीशी ठेवली.

या गावाला इथल्या लोकांनी कण्हेरीचं गाव असंच नाव दिलंय. १८४१ मध्ये एका व्यापाऱ्यानं जमैकाहून ती आणली, असं सांगतात. आता रस्त्याच्या मधोमध, कुंपणांना, कबरस्तानात, सगळीकडे गुलाबी, पांढरी, पिवळसर. शंकराला वाहायचं फूल कबरींशेजारी बघून सुरुवातीला मी थबकायचो. मग वाटलं, त्याची तर वस्तीच स्मशानात, त्याला काय वावगं! पण ती इथे एवढी का फोफावली, याचं कारण १९०० च्या वादळात आहे.

८ सप्टेंबर १९०० ला समुद्र पंधरा फुटांहून उंच चढला. बेटाची सर्वांत उंच जागा तेव्हा नऊ फुटांचीही नव्हती. किमान सहा हजार माणसं गेली. अमेरिकेच्या इतिहासात एवढ्या माणसांचा जीव दुसऱ्या कुठल्या नैसर्गिक आपत्तीनं घेतलेला नाही. इथल्या हवामान कचेरीच्या आयझॅक क्लाइननं १८९१ मध्येच वर्तमानपत्रात लिहिलं होतं की असलं वादळ गॅल्व्हेस्टनला धडकेल ही भीती खुळचटपणाची आहे. नऊ वर्षांनी त्याच पाण्यात त्याची बायको गेली. क्लाइनवर दात खाणारे पुष्कळ भेटतात. मला ते जमत नाही.

उरलेल्यांनी गाव सोडलं नाही, उचललं. आधी सतरा फूट उंचीची समुद्रभिंत. तिची आखणी करणाऱ्या तीन इंजिनिअरांपैकी एक हेन्री रॉबर्ट. सभा कशी चालवावी याच्या नियमांचं जगप्रसिद्ध पुस्तक लिहिलं तेच हे. आपल्या हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेला त्यांना एकदा बसवायला हवं होतं; समुद्र परवडला म्हणाले असते. १९०४ मध्ये भिंतीचा पहिला टप्पा पुरा झाला. मग घरं. दोन हजारांवर इमारती स्क्रू-जॅकवर इंच इंच वर घेतल्या. सेंट पॅट्रिक चर्चचं वजन तीन हजार टन. त्याच्याखाली सातशे जॅक लावून ते पाच फूट उचललं. गावाच्या मधून कालवा खणला, त्यातून गाळ काढणारी जहाजं आत आणली, आणि बंदराच्या तोंडाशी उपसलेली वाळू पाण्यात कालवून नळ्यांनी घरांखाली सोडली. जोतं खाली राहिलं, घर वर गेलं, मधे समुद्राचा तळ भरला. १९११ पर्यंत हे चाललं. माणसं फळ्यांच्या उंच पायवाटांवरून बाजाराला जात. वाळू टाकायचा खर्च सरकारी. घर उचलायचा ज्याचा त्यानं करायचा. त्या दिवसांतल्या भाडेकरूंचं काय झालं असेल? मालकाला पैसे जुळेपर्यंत बिऱ्हाडं कुठल्या फळीवर थांबली असतील? गावच्या इतिहासात लोखंडी जॅक मोजलेले आहेत, बिऱ्हाडं मोजलेली मला सापडली नाहीत.

ब्रॉडवेवर ॲश्टन व्हिला नावाचा १८५९ चा विटांचा वाडा आहे. तो न उचलता त्याचं तळघरच वाळूनं भरलं. त्याचं लोखंडी कुंपण आता फक्त वरच्या टोकाकडचंच दिसतं. बाकीचं मातीखाली उभं आहे. संध्याकाळी तिथून जाताना मी त्या कुंपणाच्या टोकांवर हात फिरवतो. खाऱ्या वाळूत जुन्या बागा सगळ्या मेल्या. नव्यानं लावलेल्यांत ही कण्हेर तगली. गुरं तोंड लावत नाहीत, खारा वारा तिला जाळत नाही, आणि मुळांना गोडी माती लागत नाही. कोकणातल्या कुठल्याही कुंपणाला हे माहीत आहे.

आयक भिंतीवरून आलं नाही. भिंत आखाताच्या बाजूला आहे. पाणी मागच्या खाडीतून चढलं. पुढे तट, मागे दार सताड उघडं. आमचा बोळ मागच्या बाजूचा. ते खारं पाणी साचून राहिलं आणि जुने ओक हजारोंनी सुकले. काहींचे बुंधे लोकांनी तोडू दिले नाहीत. सुतार बोलावून त्यांचे बगळे, कुत्रे, मासे कोरून घेतले. शेजारच्या गल्लीत असा एक बगळा आहे. पावसात तो खऱ्यापेक्षा जास्त ओला दिसतो.

समुद्राबद्दल मात्र माझी फसगत झाली. रंगाबाबत नव्हे; नद्यांच्या गाळानं इथलं पाणी तपकिरी असतं, त्यावर पर्यटक नाकं मुरडतात, मला ते ओळखीचं वाटलं. फसलो ते भरतीत. अलिबागच्या मुलाला तिथीवरून पाणी कळतं. ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जायचं, आणि पाणी चढायच्या आत परत फिरायचं. उधाण केव्हा, भांग केव्हा, हे आम्ही पाढ्यांआधी शिकलो. इथे येऊन पौर्णिमेला ऐटीत बायकोला भिंतीवर घेऊन गेलो, तर पाणी होतं तिथेच. दीड-दोन फुटांचा चढउतार, तोही बहुतेक दिवसांत एकदाच. नंतर कळलं, या आखातात अमावास्या-पौर्णिमेला फारसा मान नाही. चंद्र विषुववृत्तापासून किती उत्तरेला वा दक्षिणेला सरकलाय, त्यावर इथलं पाणी कमीजास्त होतं. चंद्र तोच, पंचांग वेगळं. बायको म्हणाली, “तुझं गाव सोडून बाकी समुद्र अडाणीच का रे?”

इथल्या माणसांच्या दोनच जाती. बीओआय म्हणजे बेटावर जन्मलेले. पहिल्यांदा मोटारीमागे ते स्टिकर पाहिलं तेव्हा मला बँक ऑफ इंडिया आठवली. दुसरे आयबीसी, म्हणजे आपखुशीनं बेटवासी झालेले. घरमालकीणबाई पहिल्यांतल्या, आणि ते दहा मिनिटांत कळतंच. पण आताशा खरी भांडणं या दोघांत नाहीत. शनिवार-रविवारसाठी घर भाड्यानं देणं, हे इथलं नवं पीक आहे. आमच्या बोळातल्या सहा दारांपैकी चारांना किल्लीच नाही, आकड्यांचं कुलूप आहे. शुक्रवारी संध्याकाळी सामानाच्या चाकांची खडखड, रविवारी दुपारी पुन्हा तीच, उलट्या दिशेनं. माणसं चांगली असतात, हात करतात, आइस्क्रीम कुठे मिळेल विचारतात. पण वाटीभर साखर कुणाकडे मागायची? महिन्याच्या भाड्यावर राहणारे आम्ही दोघे आणि कोपऱ्यावरची एक नर्स. बाईंना मुलगा सांगत असतो, “मागची खोली तशी दे, दुप्पट येतील.” बाई आम्हाला हे मुद्दाम सांगतात की सहज, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

रविवारी आम्ही फेरीनं पलीकडच्या बोलिव्हर द्वीपकल्पावर जातो आणि त्याच बोटीनं परततो. काम काही नसतं. फेरी फुकट आहे, पंधरा-वीस मिनिटांची, आणि डॉल्फिन दिसतात. मराठी माणसाला याहून जास्त काय हवं! पेलिकन बोटीच्या बरोबरीनं पाण्याला पोट टेकत उडतात, टपालखात्यातल्या जुन्या माणसांसारखे, गंभीर.

जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळ आलं. मोठं नव्हतं, आणि जमिनीवर आलं तेही आमच्या पश्चिमेला, माटागोर्डापाशी. पण आदल्या दिवशी बाई हातात यादी घेऊन परसात उभ्या. वाऱ्यानं उडेल ते सगळं आत घ्यायचं: खुर्च्या, कचऱ्याचे डबे, वाऱ्याच्या घंटा, कुंड्या. “कुंडी म्हणजे काचेवर मारलेला दगड.” आम्ही एकेक उचलत गेलो. शेवटी पायरीशी आलो. दोन वर्षांत कण्हेर माझ्या खांद्याला लागली होती. मी खाली वाकलो, बादलीला दोन्ही हातांनी धरलं आणि उचललं.

बादली हलेना. बायको आली, दोघांनी मिळून ओढली. थोडी डुलली, पुन्हा तिथेच बसली. मी गुडघ्यावर बसून बुडाशी बोटं घातली. भोकातून बाहेर पडलेलं मूळ मनगटाएवढं जाड झालं होतं आणि सरळ वाळूत गेलं होतं.

“कोयता आणू का?” बायकोनं विचारलं.

बाई वरच्या व्हरांड्यातून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत. मी दोरी आणली, कण्हेरीच्या फांद्या एकत्र बांधल्या, दोरीचं दुसरं टोक पायरीच्या खांबाला गुंडाळलं आणि आत आलो.

वीज चार दिवस नव्हती. पाणी दुसऱ्या पायरीपर्यंत आलं आणि उतरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तेव्हा बादली एका बाजूनं फुटली होती.